शून्याचे २२ टक्के

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ओपन सोर्स सर्व्हरच्या सशुल्क तांत्रिक साहाय्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करण्याबाबत

महोदय,



एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. लिनक्सचे सर्व्हर सांभाळण्यावर माझं पोट आहे. काही नगरपरिषदा, पतसंस्था आणि महाविद्यालयं ही माझी गिऱ्हाइकं. तेव्हा सर्व्हरच्या देखभालीला पैसे ठेवा असं मी म्हणतो, त्यात माझा स्वार्थ आहेच. तो वजा करून उरेल तेवढंच आपण घ्यावं.

लेखापरीक्षणातला एक आक्षेप आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. सॉफ्टवेअर विनामूल्य मिळत असताना त्याच्या तांत्रिक साहाय्यावर खर्च कशासाठी केला, याचा खुलासा करा, अशा धर्तीचा. आक्षेप मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर येतो, फाइल फिरते आणि पुढच्या वर्षी देखभालीचा करार नूतनीकरणाला जातच नाही. सर्व्हर मात्र चालू राहतो. घरपट्टीची बिलं त्यावरच निघतात, जन्म-मृत्यूचे दाखले त्यावरच छापले जातात. मार्च एंडला तो बसला की आम्हाला फोन येतो. "करार नाही, पण बघा ना जरा."

आम्ही बघतोही. पण हा काही राज्याचा कारभार चालवण्याचा मार्ग नव्हे.

आकड्यांपासून सुरुवात करतो, कारण फाइलवर आकडेच चालतात. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सचे छापील दर बरीच वर्षं असे होते : दोन सॉकेटच्या एका सर्व्हरला वर्षाला ३४९ डॉलर भरले तर नुसते अपडेट, फोनवर कोणी नाही, ७९९ डॉलर भरले तर कार्यालयीन वेळेत साहाय्य, १,२९९ डॉलर भरले तर गंभीर बिघाडाला चोवीस तास. अलीकडे हे दर थोडे वर सरकले आहेत. आपण जुना मधला दर धरू, डॉलरला ८५ रुपये मोजू आणि वर १८ टक्के जीएसटी लावू. एका सर्व्हरचे वर्षाला साधारण ८० हजार रुपये झाले. मध्यम आकाराच्या कार्यालयात ॲप्लिकेशनचा एक, डेटाबेसचा एक, बॅकअपचा एक आणि आपत्तीसाठी दुसऱ्या गावी ठेवलेला एक असे चार सर्व्हर धरले, तर सव्वातीन लाखांच्या आत काम होतं. उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल 'उबुंटू प्रो'साठी सर्व्हरमागे ५०० डॉलर घेते. त्यात फोनवरचं साहाय्य धरलेलं नाही, ते वेगळं घ्यावं लागतं.

आता शेजारच्या टेबलावरची फाइल उघडू. ओरॅकलच्या एंटरप्राइज डेटाबेसचा छापील दर एका प्रोसेसरला ४७,५०० डॉलर आहे आणि दर वर्षीचं साहाय्य त्याच्या २२ टक्के. १६ कोअरचा साधा इंटेल सर्व्हर त्यांच्या हिशोबात ८ प्रोसेसरचा होतो. परवाना झाला ३,८०,००० डॉलरचा आणि साहाय्य वर्षाला ८३,६०० डॉलरचं. म्हणजे सुमारे ७१ लाख रुपये, कर सोडून, एका सर्व्हरच्या एका डेटाबेससाठी, दर वर्षी. छापील दराने कोणी घेत नाही, सूट मिळते आणि मोठी मिळते, हे मलाही ठाऊक आहे. पाऊण सूट धरा. तरी १७-१८ लाख राहतात.

या रकमेवर मी तरी आक्षेप पाहिलेला नाही. त्याचं कारण साधं आहे. आपल्याकडे देखभालीचा खर्च खरेदीच्या किमतीची टक्केवारी म्हणून मोजायची सवय आहे. यंत्र एवढ्याचं, त्याची एएमसी एवढे टक्के. परवाना विकत घेतला की टक्केवारीला पाया मिळतो, लेखापरीक्षकाला तपासायला आकडा मिळतो. ओपन सोर्समध्ये खरेदीची किंमत शून्य, आणि शून्याचे २२ टक्केही शून्यच. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसकडे वळून एखादं कार्यालय परवान्याचे पैसे वाचवतं आणि त्याच झटक्यात देखभालीची तरतूदही गमावून बसतं. भ्रष्टाचार किंवा अज्ञान याहून हा दोष मला मोठा वाटतो, कारण यात कोणाचीच चूक नसते. तक्ताच तसा आखलेला आहे.

पैसे कशाचे द्यायचे, हा पुढचा प्रश्न. इथे दोन निरनिराळ्या गोष्टी 'सपोर्ट' या एकाच नावाखाली निविदेत जातात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

पहिली गोष्ट म्हणजे दुरुस्त्यांचा अखंड प्रवाह. सर्व्हरवर हजारभर लहानमोठी पॅकेजं असतात. त्यांत रोज कुठे ना कुठे सुरक्षेचं भोक सापडतं. मूळ लेखक ते नव्या आवृत्तीत बुजवतात, पण नवी आवृत्ती आली की तिच्याबरोबर दहा वागणुकी बदलतात आणि आपलं करवसुलीचं ॲप्लिकेशन मोडतं. म्हणून रेड हॅट, कॅनॉनिकल, सुसे यांचे अभियंते नव्या आवृत्तीतली नेमकी दुरुस्ती उचलून आपल्याकडच्या जुन्या आवृत्तीत बसवतात. याला बॅकपोर्टिंग म्हणतात. हे काम कंटाळवाणं, किचकट आणि बिनचेहऱ्याचं आहे. कोणत्याही उद्घाटनाला त्याची फीत कापता येत नाही. आपल्याकडच्या वार्षिक सुरक्षा तपासणीत तर त्याची उलटी शिक्षा मिळते : स्कॅनरला आवृत्तीचा जुना क्रमांक दिसतो, तो लाल शेरा मारतो, आणि आतली दुरुस्ती झालेली आहे हे सिद्ध करायला आम्ही आठवडा घालवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आपली व्यवस्था ओळखणारा माणूस. लॉगने डिस्क भरली, प्रमाणपत्राची मुदत रात्री बाराला संपली, बॅकअप रोज होत होता पण रिकाम्या फोल्डरचा होत होता, ॲप्लिकेशन पीएचपीच्या इतक्या जुन्या आवृत्तीवर अडकलंय की ते लिहिणारी कंपनीच आता शिल्लक नाही. नगरपरिषदेचा सर्व्हर बसतो तो बहुतेक वेळा अशा कारणांनी. महागड्या सबस्क्रिप्शनच्या नंबरावर फोन लावला तर पलीकडचा अभियंता नम्रपणे सर्व्हरच्या निदानाचा 'एसओएस रिपोर्ट' पाठवायला सांगतो, तो वाचतो आणि कळवतो की ऑपरेटिंग सिस्टीम ठणठणीत आहे. तो खरंच बोलत असतो. तुमचं ॲप्लिकेशन त्याच्या कराराच्या बाहेर आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर रॅन्समवेअरने कुलूपबंद झाले आणि रुग्णनोंदणी कित्येक दिवस कागदावर आली. नेटवर्कची विभागणी नीट नव्हती, असं कारण सरकारने नंतर संसदेत दिलं. नेटवर्क कसं विभागलंय हे पाहणं कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमच्या वर्गणीत येत नाही. ते त्या जागी जाणाऱ्या, तारा कुठून कुठे गेल्यात हे माहीत असलेल्या माणसाचं काम आहे.

आपली कार्यालयं यांपैकी एकही गोष्ट घेत नाहीत, किंवा पहिली घेतात आणि दुसरीही मिळाली असं समजतात. म्हणून कधी कधी मीच गिऱ्हाइकाला सांगतो की तुम्हाला चोवीस तासांची महाग वर्गणी नको. विनामूल्य मिळणारं डेबियन लिनक्स टाका, पैसे माणसावर घाला. तर कधी उलट सांगावं लागतं. बँकेचं कोअर बँकिंग ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर प्रमाणित आहे तीच हवी. तिथे वर्गणी टाळण्यात शहाणपणा नाही.

फुकटात पहिली गोष्ट मिळवण्याचा एक राजमार्ग बरीच वर्षं उपलब्ध होता, तो म्हणजे सेंटओएस. रेड हॅटचाच सोर्स घ्यायचा, त्यांची नावं-चिन्हं काढायची, पुन्हा बांधायचा आणि वाटायचा. २००४ पासून हे चाललं. २०१४ मध्ये रेड हॅटनेच हा प्रकल्प आपल्या पंखाखाली घेतला. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालं की सेंटओएस ८, ज्याला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील असं सगळे धरून चालले होते, ते ३१ डिसेंबर २०२१ ला संपेल. एका वर्षात. आमच्या धंद्यातल्या लोकांनी त्या आठवड्यात काय काय शब्द वापरले ते या पत्रात लिहिता येणार नाहीत.

राग मलाही आला होता. पण रागाच्या भरात बहुतेकांनी जो हिशोब केला नाही तो असा : दशकाहून जास्त काळ आपण बॅकपोर्टिंगचं काम दुसऱ्याच्या पगारावर करून घेत होतो. पुढे जून २०२३ मध्ये रेड हॅटने नेहमीच्या आवृत्तीचा सोर्स सर्वांसाठी उघड्यावर ठेवणंही थांबवलं. आता तो ग्राहकांना मिळतो, बाकीच्यांसाठी सेंटओएस स्ट्रीम, म्हणजे रेड हॅटच्या पुढच्या आवृत्तीची आगाऊ शाखा. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स यांनी २०२१ पासून पोकळी भरून काढली आहे आणि चांगली भरली आहे. तरी उद्या त्यांचे पुरस्कर्ते मागे हटले तर काय, हा प्रश्न तसाच आहे.

सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, ओपनएसएसएचमधलं 'रेग्रेशन' (regreSSHion) नावाचं गंभीर भोक जाहीर झालं. सेंटओएस ७ त्यातून सुटलं, कारण त्यातलं ओपनएसएसएच इतकं जुनं होतं की ती चूक त्यात शिरलेलीच नव्हती. निव्वळ नशीब. मुदत संपलेले ते सर्व्हर मला आजही दिसतात. कोणी विचारलं तर उत्तर मिळतं, चालतोय ना, मग कशाला हात लावायचा? हात लावायला पैसे लागतात आणि पैशाला लेखाशीर्ष लागतं, हे त्या उत्तरामागचं खरं कारण.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स स्वीकारण्याचं धोरण आणलं. निविदेत ओपन सोर्सला प्राधान्य द्या, वगळायचं असेल तर कारण द्या, असा त्याचा रोख. चांगलंच होतं. जिल्हा न्यायालयांत खटल्यांची नोंद ठेवणारी केस इन्फर्मेशन सिस्टीम ओपन सोर्सवर उभी आहे आणि ती पुण्यातल्या एनआयसीच्या पथकाने बांधली. तिच्यामागे कायमचं पथक आहे. नगरपंचायतीकडे असं पथक नाही, तिला ते बाजारातून घ्यावं लागतं. आणि बाजारातून घ्यायचं म्हणजे निविदा.

निविदेबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण दुखणं इथे आहे. देखभालीची निविदा एल-वनवर सुटते. जो सर्वांत कमी दर भरेल त्याला काम. पण मोजायचं काय, हे निविदेत लिहिलेलं नसतं. 'सर्व्हरची संपूर्ण देखभाल, वर्षभर' एवढं एक वाक्य. मग एक जण त्यात दरमहा अपडेट, तिमाही रीस्टोअर चाचणी आणि रात्रीचा फोन धरून दर भरतो, आणि दुसरा काहीच न धरता त्याच्या निम्मा. काम दुसऱ्याला मिळतं. तो फसवत नाही. वाक्यात जे नाही ते तो करत नाही, एवढंच. शिवाय उलाढालीची अट अशी असते की ज्याने त्या तालुक्यात दहा वर्षं सर्व्हर सांभाळले तो अपात्र ठरतो, आणि मुंबईची पात्र ठरलेली कंपनी काम घेऊन त्यालाच निम्म्या पैशात पोटकंत्राट देते. बिलाचं तर विचारूच नका. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत चुकते करावेत असं २००६ चा कायदा सांगतो. तो कायदा आमच्या घरी चौकटीत लावून ठेवण्याजोगा आहे.

म्हणून माझं मागणं असं आहे. देखभालीच्या निविदेत तास लिहावेत, प्रतिसादाची वेळ लिहावी, कोणत्या दुरुस्त्या किती दिवसांत बसल्या पाहिजेत ते लिहावं. दर तिमाहीला बॅकअपवरून प्रत्यक्ष रीस्टोअर करून दाखवणं ही बिल मिळण्याची अट असावी; हे एक कलम घातलं तरी निम्मे भुरटे गळतील. कंत्राट संपताना पासवर्ड, आराखडे, नोंदी पुढच्याला सोपवल्याशिवाय अनामत परत करू नये. केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची आहे आणि १८० दिवसांचे लॉग जपायचे आहेत. ते कोण करणार, याचं नाव करारात हवं. आणि हा सगळा खर्च खरेदीच्या टक्केवारीशी न जोडता, सर्व्हरची संख्या आणि त्यावर चालणाऱ्या कामाचं महत्त्व पाहून, दर वर्षीचा महसुली खर्च म्हणून स्वतंत्र लेखाशीर्षाखाली धरावा. तसा शासन निर्णय निघाला की लेखापरीक्षकाकडेही तपासायला आकडा येईल.

एवढं सगळं प्रत्येक नगरपंचायतीने आपापलं करावं, असं मी म्हणत नाही. डेबियनवाल्यांनी याला एक युक्ती काढली आहे. डेबियनची एक आवृत्ती साधारण तीन वर्षं नियमित सांभाळली जाते. पुढची दोन वर्षं सांभाळण्यासाठी २०१४ पासून फ्रेक्सियन नावाची फ्रान्समधली एक छोटी कंपनी वर्गणी गोळा करते. देणाऱ्यांत कंपन्या असतात, विद्यापीठं असतात. जमलेल्या पैशातून डेबियनच्या जाणकारांचे तास विकत घेतले जातात आणि झालेल्या दुरुस्त्या जगाला, वर्गणी न देणाऱ्यालाही, मिळतात. सहकाराच्या राज्यात ही कल्पना समजावून सांगायला लागू नये. ३४ जिल्हा परिषदा, २९ महानगरपालिका आणि शेकडो नगरपरिषदा, नगरपंचायती यांनी मिळून वर्गणी काढली तर दुरुस्त्यांचा प्रवाह एकत्र, घाऊक भावात घेता येईल. माणसं मात्र जिल्ह्याजिल्ह्यांतली असावीत, दरकरारावर नेमलेली. केरळने शाळांसाठी हेच केलं. तिथली 'काइट' ही सरकारी संस्था शाळांमध्ये लिनक्स पुरवते आणि ते शिकवणारी, सांभाळणारी माणसंही जिल्ह्यांमध्ये ठेवते. शाळांचे संगणक आणि नगरपरिषदेचे सर्व्हर सारखे नव्हेत हे कबूल. तरी केरळला एकदा पथक पाठवून पाहायला काय हरकत आहे?

माणसं कुठून आणायची, असं आपले अधिकारी म्हणतील. महोदय, रेड हॅटचं मोठं अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे. पोस्टग्रेसला जगभर साहाय्य विकणाऱ्या ईडीबीचंही आहे. ईआरपीनेक्स्ट हे जगात वापरलं जाणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर मुंबईत जन्मलं. परदेशातल्या बँकेचा डेटाबेस अडला तर त्याची तक्रार सोडवणारा माणूस हडपसरला किंवा बाणेरला बसलेला असू शकतो. त्याच्या मूळ गावच्या नगरपरिषदेला मात्र असं साहाय्य विकत घेण्याचा रकाना नाही.

एक छोटी मागणी आणखी. वर्गणीतून जे जमेल त्याचा काही भाग मूळ प्रकल्पांकडे जावा. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये 'हार्टब्लीड' नावाचं भोक सापडलं तेव्हा लाखो संकेतस्थळांची कुलपं ज्या कोडवर होती त्यावर पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक होता, आणि देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर येत. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या छोट्याशा लायब्ररीत मागचं दार बसवलेलं सापडलं. ती बिनपगारी सांभाळणाऱ्या थकलेल्या माणसाचा विश्वास कोणीतरी दोनेक वर्षं खपून कमावला होता. पकडलं कसं गेलं? आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची चुटपूट लागली म्हणून. जर्मनीने २०२२ मध्ये अशा कामांसाठी सरकारी निधी उभा केला. आपल्याकडे झिरोधाने २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, आणि ती एक शेअर दलाली करणारी खाजगी कंपनी आहे.

पुढच्या अंदाजपत्रकाची तयारी सुरू होण्याआधी आपल्या विभागाने सर्व कार्यालयांकडून एक तक्ता मागवावा, एवढी विनंती. त्यात चारच रकाने असावेत. सर्व्हरवर कोणती प्रणाली आहे आणि तिची मुदत कधी संपते. रविवारी रात्री तो बंद पडला तर फोन कोण उचलतो. त्या माणसाला पैसे कोणत्या लेखाशीर्षातून मिळतात. बॅकअपवरून शेवटचं रीस्टोअर कोणत्या तारखेला झालं. तक्ते आले की तरतुदीचा आकडा काढणं अवघड जाणार नाही. तक्त्याचा नमुना हवा असल्यास मी पाठवून देतो; त्याचे पैसे नकोत.

आपला,
सर्व्हर सांभाळणारा एक व्यावसायिक